विमल आत्याने घातलेल्या अटीनुसार

मी, मैत्रेयी राजकुमार नगराळे, वय एकतीस, वीजमीटर तपासणी प्रयोगशाळेत नोकरी, राहणार कळंब, जिल्हा यवतमाळ, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने, कोणाच्या दबावाशिवाय आणि पूर्ण शुद्धीत करून ठेवत आहे. शुद्धीबद्दल कोणाला शंका असल्यास मानसोपचारतज्ज्ञाचा दाखला सोबत जोडला आहे. अवयव देणाऱ्याला तो घ्यावाच लागतो. डोकं ठिकाणावर असल्याचा लेखी पुरावा आमच्या घराण्यात फक्त माझ्याकडे आहे.

मला कोणताही आजार नाही. येत्या गुरुवारी नागपूरच्या रुग्णालयात माझी डावी किडनी काढून माझी आत्या विमल हिला बसवायची आहे. तिच्या दोन्ही निकामी झाल्या आहेत. डायलिसिसवर ती किती काळ काढेल हे डॉक्टर सांगत नाहीत, म्हणजे फार नाही. देणाऱ्याला धोका अगदी कमी असतो असं ते म्हणतात. कमी म्हणजे शून्य नव्हे, हे मला माझ्या कामामुळे कळतं. पण मृत्युपत्राचं कारण तो धोका नाही. कारण असं की आत्या अजून हो म्हणालेली नाही. अवयवदानाला परवानगी देणाऱ्या समितीची मंजुरी आली, तारीख मिळाली, पिशवी भरून झाली, तरी ती पलंगावरून उठायला तयार नव्हती.

"उद्या तू मेली तं अख्खं कळंब म्हणीन, विमलनं भाची खाल्ली. मी नाही येत."

"मी मरत नाही, आत्या."

"तुले काय माहीत? तुया मीटरवर दिसते का थे?"

दोन दिवस असं चाललं. शेवटी तिने अट घातली. "लिहून दे. कोर्टाच्या कागदावर. तुयं तू देऊन राह्यली, मी मांगतलं नाही. मंग पाहू."

'मंग पाहू' हा होकार नाही. तरीही लिहून देत आहे.

कलम १. किडनी मी स्वतःहून देत आहे. आत्याने ती मागितलेली नाही. उलट, मी तयार आहे असं मी डॉक्टरांना पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती त्यांना म्हणाली, "पागल आहे हे पोट्टी. इच्याकडे ध्यान नका देऊ." माझं काही बरंवाईट झालं आणि कोणी आत्याला बोल लावला, तर त्याने आधी हे कलम चारचौघांत मोठ्याने वाचावं. ही किडनी या मृत्युपत्रातल्या मिळकतीत धरलेली नाही. मृत्युपत्राने जे द्यायचं ते मेल्यावर, आणि ही जिवंतपणी द्यायची आहे. शिवाय वकील वामनराव देठे यांच्या नमुन्यात प्रत्येक मिळकतीपुढे वर्णन, चतुःसीमा आणि अंदाजे किंमत लिहावी लागते. किडनीला चतुःसीमा आहेत, पण किंमत लिहिली तर गुन्हा होतो.

कलम २. कळंब येथील दोन खोल्यांचं घर. पूर्वेस घनश्यामचा फोटो स्टुडिओ व झेरॉक्स, पश्चिमेस नाली, उत्तरेस रस्ता, दक्षिणेस गोठा. हे घर बाबांच्या मागे माझ्या नावावर झालं. ते मी आत्याला देते.

त्याचं कारण लिहिणं भाग आहे. मी दहा वर्षांची असताना आई गेली. तेव्हा आत्या मारेगावहून, तिच्या नवऱ्याच्या घरून, एक पिशवी घेऊन पंधरा दिवसांसाठी आली. काका, म्हणजे पंजाबराव, तिला न्यायला दोनदा आले. दुसऱ्या वेळी तिने त्यांना चहा दिला आणि सांगितलं, "पोरीची दहावी होऊ द्या." दहावी झाली. नंतर तो विषय तिनेही काढला नाही आणि त्यांनीही. ती शाळेत खिचडी शिजवायला लागली होती. मी पॉलिटेक्निकला असताना तिला एकदा विचारलं, परत का गेली नाहीस. ती म्हणाली, "तिथं नळ लांब होता." तिने सांगितलेलं कारण मी जसंच्या तसं नोंदवत आहे.

कलम ३. बँकेतली शिल्लक माझा मोठा भाऊ कपिल, राहणार पुणे, याला द्यावी. ही एक गोष्ट त्याला समजावून सांगावी लागणार नाही. आत्याच्या आजाराचं कळवायला मी फोन केला तेव्हा तो म्हणाला, "पैशाचं टेन्शन घेऊ नको. किती लागतील तेवढं सांग."

"किडनी लागते, दादा."

"अगं तेच. कुठं मिळत असेल तर बघ ना."

"विकत मिळत नाही. गुन्हा आहे."

"सगळं मिळतं गं. फक्त माणूस ओळखीचा पाहिजे."

त्याचा रक्तगट जुळत नाही, हा त्याचा दोष नाही. मी विचारायच्या आधीच त्याने तो सांगितला, एवढं मात्र लक्षात राहिलं. आईच्या मागे त्यालाही आत्यानेच वाढवलं. भाकरीचा पापुद्रा नेहमी त्याच्या ताटात जायचा. त्याबद्दल माझी तक्रार होती, ती या कलमाने संपली असं धरावं. पुढे आत्याला औषधं लागतील. ती दुकानात मिळतात, म्हणजे कपिलला जमतील. ही अट नाही, आठवण आहे.

कलम ४. माझी हत्यारं, म्हणजे मल्टिमीटर, क्लॅम्प मीटर आणि इन्सुलेटेड पेचकसांचा संच, प्रयोगशाळेतली माझी सहकारी अपेक्षा हिला द्यावीत. ती वस्तू जिथून उचलते तिथेच परत ठेवते. दुचाकीही तिलाच. पुढचा ब्रेक उशिरा लागतो, हे तिला आधी सांगावं.

कलम ५. इंद्रजित यांना काही ठेवलेलं नाही. त्यांचं माझ्याशी लग्न ठरलं होतं. किडनीचं कळल्यावर त्यांच्या आईंनी विचारलं, "एकीवर संसार होते का?" इंद्रजित म्हणाले, प्रेम तर आहेच, पण घरच्यांना डॉक्टरचं लेखी पाहिजे. मी लेखी आणलं. मग त्यांना दुसऱ्या डॉक्टरचं हवं होतं. तिथे मी थांबले. त्यांनी दिलेलं मनगटी घड्याळ त्यांना परत करावं. ते नाडीचे ठोके नोंदवून ठेवतं. बोलणं मोडलं त्या संध्याकाळचे ठोके बहात्तर आहेत. त्यांनी खुशाल पाहावेत.

कलम ६. घनश्यामच्या स्टुडिओतले पाच फोटो जाळून टाकावेत.

त्यांची हकीकत अशी. आई, बाप, भाऊ, बहीण, मूल, नवरा किंवा बायको हे कायद्याला जवळचे नातेवाईक म्हणून चालतात. बापाची बहीण चालत नाही. तिला किडनी द्यायची तर समितीपुढे सिद्ध करावं लागतं की यात पैसा नाही, निव्वळ आपुलकी आहे. पुरावा म्हणून निरनिराळ्या वर्षांचे दोघींचे एकत्र फोटो मागितले होते. आमच्याकडे एकही नव्हता. आमच्या घरी माणूस गेला की त्याचा फोटो मोठा करून भिंतीला लावतात. जिवंत माणसाचा काढायचं कोणाला सुचत नाही, कारण तो समोरच असतो. भिंतीवर बुद्ध, बाबासाहेब, आई आणि बाबा आहेत. आत्या आणि मी अजून पात्र ठरलेलो नाही.

घनश्याम म्हणाला, "टेन्शन कायले घेते ताई? एका दुपारी पाच वर्षं काढून देतो." आत्याने पाच साड्या बदलल्या, मी पाच ओढण्या. मागे कधी धबधबा, कधी ताजमहाल. प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात त्याने वेगळं साल टाकलं. पाचही फोटोंत आत्याच्या हाताला त्याच सकाळच्या डायलिसिसची पांढरी पट्टी होती, हे तिघांपैकी कोणालाच दिसलं नाही. फरक शोधण्याचा पगार मी घेते, तरी मलाही नाही.

समितीच्या अध्यक्षांना मात्र दिसलं. "हा फोटो दोन हजार सोळाचा आहे ना? मग ही पट्टी कशाची?"

आत्याने सरळ सांगून टाकलं. "फोटो मांगच्या हप्त्यातलेच आहेत, साहेब. थ्या घनश्यामनं दिमाग चालवला."

"म्हणजे सोळा साली तुमचा संबंध नव्हता?"

"होता ना. रोज भांडत होतो."

अध्यक्षांनी पेन खाली ठेवलं आणि मला विचारलं, "तुमचं आत्यांवर प्रेम आहे का?"

"मोजलेलं नाही," मी म्हणाले.

"पाहा साहेब, पाहा!" आत्या खुर्चीत पुढे सरकली. "अशी बोलते हे. अन् माह्यं पाणी मोजते! घरच्या माठातलं पाणी मले मापानं देते."

"डॉक्टरनंच सांगतलं मोजून द्याले."

"डॉक्टरनं सांगतलं, पण तुले मजा येते."

"मजा? मांगच्या सोमवारी चोरून उसाचा रस कोण पेलं?"

"अर्धा गिलास!"

"पूर्ण. मी रसवंतीवाल्याले विचारलं."

"रसवंतीवाल्याले विचारते, साहेब! पोलीस आहे का हे? अन् सोताचा डबा तसाच वापस आणते. सुया टोचलेल्या हातानं मी भाजी करतो, अन् हे म्हणते भूक नव्हती."

"तुले कोणं सांगतलं डबा कराले? नको करू म्हटलं होतं ना?"

"मंग काय उपाशी मरशीन? काड्या झाल्या हाताच्या, अन् चालली किडनी द्याले!"

अध्यक्षांना दोनदा टेबल वाजवावं लागलं. समितीतल्या एक बाई रुमालाने डोळे पुसत होत्या, पण त्या रडत नव्हत्या. मंजुरीपत्रात लिहिलं आहे की उभयतांमध्ये दीर्घकाळचा जिव्हाळा असल्याबद्दल समितीची खात्री पटली. कोणत्या पुराव्यावरून, ते लिहिलेलं नाही. फोटो परत दिले.

कलम ७. घरातली लाइन, म्हणजे वीज, गेली की आत्या आतून ओरडते, "मैत्रे, गेली वो तुयी!" लाइन माझी नाही, मी फक्त मीटर तपासते, हे तिला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात समजावून सांगितलं होतं. ती अजून तसंच ओरडते. मी बाहेर येऊन खांबाकडे पाहते, जसं काही माझ्या पाहण्याने येणार आहे. मग आम्ही दोघी लाइन येईपर्यंत ओट्यावर बसतो. त्या वेळात भांडत नाही. हेही मिळकतीत घ्यावं असं मी वामनरावांना सांगितलं. ते म्हणाले, "याची किंमत काय लिहू, मॅडम?"

"लिहू नका."

"मग दस्तात घेता येत नाही."

म्हणून हे कोणाला देत नाही. फक्त आहे, एवढं नमूद करते.

कलम ८. माझं निधन झाल्यास माझे डोळे आणि घेता येण्यासारखं सगळं घ्यावं. उरलेली किडनीही. एक मी निवडून दिली, दुसरी रांगेत पुढे असेल त्याला जावी. त्याच्याकडून फोटो मागू नयेत. अंत्यविधीला त्रिशरण-पंचशील पुरे. मी स्वभावाने प्रेमळ होते असं कोणीही भाषणात सांगू नये. माहितीतल्या लोकांसमोर ते वाईट दिसेल.

साक्षीदार व दुरुस्ती. वरचा मजकूर टाइप करून वामनराव आज दुपारी घरी आले. साक्षीदार म्हणून घनश्याम आणि वामनरावांचा कारकून अशी दोन नावं होती. आत्याने कागद मागून घेतला आणि ओठ हलवत सगळा वाचला. उसाच्या रसाजवळ तिने माझ्याकडे पाहिलं. पुन्हा दुसऱ्या कलमावर गेली. मग म्हणाली, "साक्षीदार मी होतो."

वामनराव म्हणाले, "मावशी, ज्याला काही मिळते त्यानं साक्षीदार होऊ नये. पुढं वाद निघते."

"मंग खोडा माह्यं नाव. घर कपिलच्या नावं करा. मी तं राह्यतोच तिथं. काढून दाखवावं त्यानं मले."

"आत्या, घर तुयं आहे," मी म्हणाले.

"तू चूप बस. तुया कागद लिहून झाला."

वामनराव घुटमळले. माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तसं नाही मावशी. साक्षीदार धडधाकट लागते. लिहून देणाराच्या मांगं त्यानं जिवंत राह्यलं पाहिजे. कोर्टात उभं राहून सांगा लागते, की हो, माह्यासमोर सही केली, शुद्धीवर होती. तुमची तब्येत पाहता..."

आत्याने पदराने चष्मा पुसला, घातला, काढला.

"कोर्टात कधी जा लागन?"

"मॅडम गेल्यावर. म्हणजे समजा, अजून पन्नास वर्षांनी."

"पन्नास," ती म्हणाली. कागदावरची साक्षीदाराची जागा बोटाने शोधली. मग हात पुढे केला. "आणा इकडं पेन. येतो मी."

घनश्याम हसला. ती त्याच्यावर खेकसली, "दात काय काढून राह्यला? गाडीवाल्याले सांग, सकाई सहाले ये म्हणा. अन् तू, मैत्रे, माह्या चपला पिशवीत टाक. दवाखान्यात काय अनवाणी फिरू?"

त्यानुसार कलम २ मधलं 'आत्याला' खोडून 'कपिलला' केलं आहे. बाजूला माझी सही आहे. कारकुनाचं नावही खोडलं आहे. साक्षीदाराच्या वयापुढे प्रकृतीचा शेरा लिहायची पद्धत नाही, पण वामनरावांनी विचारला, आणि साक्षीदाराने सांगितला तसा लिहिला आहे. खाली सही करताना मी शुद्धीवर होते. बाकी काय होते, ते लिहिण्याची इथे गरज नाही.

ठिकाण: कळंब, जिल्हा यवतमाळ
दिनांक: २४ फेब्रुवारी २०२५

लिहून ठेवणार:
मैत्रेयी राजकुमार नगराळे (सही)

आमच्या समक्ष सही केली:

१. घनश्याम, फोटो स्टुडिओ व झेरॉक्स, कळंब (सही)

२. विमल पंजाबराव मुनेश्वर, वय एकसष्ट, राहणार याच घरी, प्रकृती ठणठणीत (सही)