एरंडाच्या चिकाचा पडदा

प्रिय राधिका,

टच्. मोगली एरंडाचं देठ अर्धवट मोडल्याचा तो आवाज आज सकाळी पुन्हा कानात वाजला, आणि परकर सावरत बांधावर उभी असलेली तू दिसलीस. देठ पुरतं तोडायचं नाही, सालीवर लोंबतं ठेवायचं आणि हळूच वाकवायचं, की फटीत चिकाचा पडदा धरतो. त्याच्यावर फुंकर घातली की फुगे. तू मात्र फुंकायचीच नाहीस. उन्हाकडे धरून पडद्यातले तांबडे-हिरवे रंग बघत बसायचीस, आणि तोवर आपली मेंढरं दुसऱ्याच्या हरभऱ्यात. बाप असून मीही काही शहाणा नव्हतो. शाळेतली एखादी कविता चालीवर म्हणत उभा राहायचो. तुझी माय दोघांनाही एकाच शिवीत बसवायची.

तुझं मागचं लांबलचक पत्र, प्रयोगशाळेचं सगळं समजावून लिहिलेलं, मी मायला वाचून दाखवलं होतं. पेशीभोवती चरबीचा पातळ पडदा असतो आणि त्यात प्रथिनांची दारं. दार तिथून बाहेर काढलं की मुडपून जातं. म्हणून त्याच्यासाठी बाहेर नकली पडदा करायचा. प्लॅस्टिकच्या भिंतीला सुईच्या टोकाएवढं भोक, दोन्ही अंगांना मिठाचं पाणी, आणि भोकावर ब्रशनं चरबी सारवायची. दार त्यात नीट बसलं आणि उघडलं, की बारीकशी वीज वाहते, ती तू मोजतेस. माय म्हणाली, दुधावरच्या सायीसारखं असंल. मी म्हटलं, मेंढवाड्यासारखं. वाडा मोडून नुसतं फाटक माळावर उभं केलं, तर त्यातून आत कोण जाणार अन् बाहेर कोण येणार? कुंपण असलं तरच ते फाटक. बराबर का चूक, ते तू सांग.

आणि ती चरबी सोयाबीनमधून काढतात हे वाचून तर मी हसतच सुटलो. कुरुंद्याच्या बाजारात हट्टा गावच्या जळबाला धरून सांगितलं. तो म्हणाला, मग भाव काहून न्हाई वाढत?

इकडे हळद शिजून राहिली आहे, अंगण पिवळं झालंय. माझं गुडघ्याचं दुखणं आहे तसंच. तुझा दादा शिवहार हट्ट्यालाच असतो. त्यानं आणलेलं स्थळ तू नाकारलंस, तेव्हापासून त्यानं ही पायरी चढलेली नाही. शिकून शिकून शेवटी फुगेच करायचेत ना, हे त्याचं बोलणं तुला किती लागलं, मला ठाऊक आहे.

तुझं परवाचं पत्र मात्र चारच ओळींचं. पडदा धरतो, पण दार बसायच्या आत फुटतो. दमले, सगळं सोडून येते, दादा म्हणेल तिथं लग्न करते. खरं सांगू? आधी मला आनंदच झाला. मायनं तर तुझी गोधडी उन्हात टाकली. मग मी तुझं ते लांबलचक पत्र पुन्हा काढलं. तू लिहिलंयस, पडदा जाड असतो तोवर त्यात रंग खेळतात. पातळ होत होत रंग जातात, सगळं काळं दिसतं, आणि नवख्याला वाटतं, फुटला. पण खरा पडदा तेव्हाच जमलेला असतो. हे तूच आम्हाला शिकवलंस, म्हणून तुलाच लिहायला बसलो. दमली असशील तर ये. आठ दिवस झोप, मायच्या हातचं खा. पण परतीचं तिकीट काढूनच ये, आणि दादाच्या रागाला भिऊन तर अजिबात येऊ नकोस.

थांब, दारात कुणीतरी खाकरलं.

राधे, शिवहार आलाय. खांद्यावर पोतं. पायरीपाशी उभा, आत काही येईना. मायनं पाण्याचा तांब्या पुढं केला, तेव्हा माझ्याकडं न बघताच म्हणाला, “जळबा सांगून राहिला, राधीचा पडदा सोयाबीनचा ऱ्हातो म्हणून. हे बियाण्याचं हाय, निवडलेलं. एकदा आपलं लावून बघ म्हणावं तिला.”

तुझाच,
आबा