शिळं गणित

सर, राग काढायला तुम्ही आता नाहीत, म्हणून कागदावर काढते आहे. माझी पोरगी यंदा दहावीला. सराव परीक्षेत गणितात नापास झाली आणि बोर्डाचा पेपर पंधरवड्यावर आलाय. ही बया मोबाइलवर कुणीतरी सोडवलेली गणितं बघते, मान हलवते अन् पुढचा धडा उघडते. "समजलं मम्मी." डोंबलाचं समजलं! कोरा कागद पुढं ठेवला की वर्गसमीकरणात उणे चिन्हाची तीच चूक.

धाड गावच्या शाळेतला तुमचा वर्ग आठवतो. ज्याचं गणित चुकलं त्याला तुम्ही मारत नव्हता, ओरडत नव्हता. दुसऱ्या दिवशी तेच गणित फळ्यावर, नवा धडा नंतर. "ये बाई, तुह्यं शिळं उरलं आहे. शिळं संपव, मंग ताजं." मी रडकुंडीला येऊन म्हणते, "सर, काल उत्तर पाह्यलं न मी!" आणि तुम्ही खडू माझ्या हातात देता. "पाह्यलं, केलं नाही. पाहून पोट भरते काय?" वर्ग खिदळायचा. मला तुमचा असा संताप यायचा!

आज सकाळी भाकरी थापता थापता पोरीला तेच सांगितलं. चुकलेली गणितं काढ, पुस्तक मिट, शिळं आधी. तर म्हणते, "तुह्या टायमाचं सांगू नको मले. सिलॅबस राह्यला अजून." माझं डोकंच फिरलं. मोबाइल हिसकला, पिठाच्या डब्यात टाकला अन् वर झाकण लावलं. ती रडली, पाय आपटले, मग बसली. खोडत, पुटपुटत, पुन्हा खोडत. शेवटी ओरडली, "आलं वं मम्मी! आता ताजं दे."

मी पिठाच्या हातानं उभी. तुम्ही बोलता बोलता नवं गणित मांडायचात, तसंच मीही मनानंच वर्गसमीकरणाचे तीन आकडे सांगून टाकले. पोरगी सोडवत बसली. वर्गमुळाखाली उणे संख्या येतेय म्हणून तिनं सगळं खोडलं, पहिल्यापासून केलं, तरी तेच. "मले काहीच येत नाही," म्हणून पेन्सिल फेकली. सर, तिची रीत बरोबर होती. माझं गणितच चुकलेलं होतं, त्या आकड्यांना उत्तरच निघत नव्हतं.

आता पेन्सिल उचलून, बाहेर बसून तेच गणित पुन्हा करून राह्यली ती. हे पत्र टाकायला तुमचा पत्ता नाही, आणि तिला सांगायला मी अजून उठलेली नाही. शिळं संपवायला लावणं तेवढं मी तुमच्याकडून उचललं, सर. ताजं मला करताच येत नाही.