बाटली क्रमांक सातमधील द्रव मोजण्याबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
राज्य उत्पादन शुल्क,
बुलढाणा.

अर्जदार : कु. स्वरदा रमाकांत चिंचोळकर, वय २७, शिक्षण एम.एस्सी. (रसायनशास्त्र), रा. बुलढाणा.

विषय : जप्त मुद्देमालातील बाटली क्र. ७ नष्ट करण्यापूर्वी तिच्यातील द्रव मोजून घेण्याबाबत.

संदर्भ : १) पंचनामा, दि. २३ डिसेंबर २०२४.
२) मुद्देमाल नष्ट करण्याबाबतची आपल्या कार्यालयाची सूचना.

महोदय,

१. धाड गावाजवळच्या सोनुने यांच्या मळ्यातील खोलीत आपल्या कर्मचाऱ्यांनी जे मोजले ते असे : साठ मिलिलिटरच्या रिकाम्या बाटल्या, बुचासह, बेचाळीस. काचेचे लहान पेले आठ. पंचवीस मिलिलिटरचे मोजपात्र एक. ड्रॉपर एक. काचेचे नरसाळे एक. फुटाण्यांचा डबा एक, अर्धा भरलेला. आणि सातवी वस्तू, साडेसातशे मिलिलिटरची बाटली एक, लेबल नाही, आत मधाच्या रंगाचा द्रव, 'अंदाजे पाऊण'. ही मोजणी बरोबर आहे. तिच्याबद्दल अथवा कर्मचाऱ्यांच्या वागण्याबद्दल अर्जदाराची कसलीही तक्रार नाही. अर्ज आहे तो फक्त 'अंदाजे' या एका शब्दापुरता.

२. ही खोली निवृत्ती सोनुने याची. तो अर्जदाराचा वर्गमित्र. एम.एस्सी. झाल्यावर तो गावी परतला आणि दूध संकलन केंद्र चालवू लागला. कॅनीचे झाकण उघडताच कोणाच्या म्हशीला सरकी जास्त झाली, कोणाचे भांडे नीट धुतलेले नाही, हे तो यंत्राआधी सांगे, आणि यंत्र त्याला क्वचितच खोटे पाडी. अशा नाकाच्या माणसाला व्हिस्कीबद्दल कुतूहल वाटावे यात नवल नव्हते. अर्जदार, अश्वजित इंगळे आणि गोपाल पडघान असे आणखी तिघे मित्र होते. अश्वजित पुण्यात नोकरीला. सुटीवर येताना तो वेगवेगळ्या व्हिस्कींच्या साठ मिलिलिटरच्या दोन बाटल्या आणी. निवृत्ती संध्याकाळचे संकलन आटोपून, दुधाचा वास जावा म्हणून दारे-खिडक्या उघड्या टाकून, आठ पेले मांडून ठेवी. त्याआधी अर्धा तास कोणी कांदा खायचा नाही, पुडी तोंडात टाकायची नाही, हा त्याचा नियम होता. प्रत्येक बाटलीचे मोजपात्राने चार समान वाटे, म्हणजे माणशी पंधरा मिलिलिटर. एका बैठकीत दोन बाटल्या. त्याहून जास्त कधी नाही. अशा एकवीस बैठका झाल्या. रिकाम्या बाटल्या निवृत्ती टाकत नसे. बूच लावून फळीवर ठेवी, कारण महिनोन्महिने त्यांत वास टिकतो असे त्याचे निरीक्षण होते.

३. या बैठकांना दारूचा अड्डा म्हटले जात आहे, म्हणून तिथे काय होत असे ते अर्जदाराला लिहिणे भाग आहे. पेला हातात धरून चौघे गप्प बसत. मग निवृत्ती बोले. धुरकट वासाची एक व्हिस्की होती. अश्वजितने तिच्याबद्दल वाचलेले सगळे सांगून झाल्यावर निवृत्ती म्हणाला, "हे तं तुराट्या पेटवून वरून पाणी शिपडल्यावानी हाय." त्यानंतर तिघांनाही त्या पेल्यात दुसरे काही सापडेना. दुसऱ्या एकीत त्याला पिकलेले कवठ सापडले, तिसरीत ओला कडबा. एकीबद्दल तो नुसता म्हणाला, "ही उन्हात ठेयलेली हाय," आणि अश्वजितने कबूल केले की ती त्याच्या खोलीच्या खिडकीत चार महिने पडून होती.

४. निवृत्ती मात्र पीत नसे. त्याचे वडील दारूने गेले तेव्हा तो आठवीत होता. त्याच्या आईने, श्रीमती सत्यभामाबाई सोनुने यांनी, दुधाने भरलेल्या कॅनीवर त्याचा हात ठेवून त्याच्याकडून वचन घेतले होते. ते त्याने पहिल्याच बैठकीला सर्वांना सांगितले. तो फक्त वास घेई आणि वास घेऊन झाला की आपला पंधरा मिलिलिटरचा वाटा नरसाळ्याने एका मोठ्या बाटलीत ओतून टाकी. गोपाल त्याला म्हणे, "तू नाकानं पेतो बे, अन् चढते मले." तो वाटा आम्हाला द्यायलाही त्याची तयारी नसे. तो म्हणे, "तुमचं माप तुम्हाले भेटलं. हे मायं हाय." तीच आपल्या पंचनाम्यातील बाटली क्र. ७. तिला लेबल नाही, कारण ती कोणत्याही कंपनीची नाही. तिच्यात बेचाळीस प्रकार आहेत. आम्हा तिघांकडे सेवनाचे परवाने आहेत, प्रती सोबत जोडल्या आहेत. निवृत्तीकडे परवाना नव्हता. त्याला तो लागत नव्हता.

५. शनिवार, दि. ७ डिसेंबर रोजी एकविसावी बैठक दुपारीच झाली, कारण अश्वजितला नांदुऱ्याहून रेल्वे पकडायची होती. निवृत्तीने त्याला मोटारसायकलवर नांदुऱ्याला पोहोचवले. स्टेशनवर अश्वजितने पुढच्या बैठकीसाठीच्या दोन भरलेल्या लहान बाटल्या त्याच्या बॅगेत ठेवल्या. परत येताना अंधार पडला होता; घाटात, कापसाची एक बंद पडलेली ट्रॉली रस्त्यातच उभी होती. तिला मागे दिवा नव्हता. निवृत्ती तिच्यावर आदळला. बॅगेतल्या दोन्ही बाटल्या त्याच्या अंगाखाली फुटल्या. ज्यांनी त्याला उचलले त्यांना वास आला, आणि जो वास आला तोच कागदावर लिहिला गेला : 'अंगास व कपड्यांस मद्याचा वास.' लिहिणाऱ्याने खोटे लिहिले नाही. निवृत्ती शुद्धीवर आला नाही. दि. ९ रोजी तो गेला. रक्ताच्या तपासणीचा प्रश्न निघाला तोवर तिच्यातून काही सिद्ध होण्याची वेळ उलटून गेली होती.

६. धाडच्या बाजारात आता एकच वाक्य आहे : बापाच्या वाटेनं गेला. सत्यभामाबाईंनीही ते मानले आहे. तेरावी झाल्यावर त्यांनी खोलीचे कुलूप काढले, फळीवरच्या बाटल्या पाहिल्या आणि पुतण्याकरवी आपल्या कार्यालयाला फोन लावला, की घरातले हे इख घेऊन जा. म्हणजे हा मुद्देमाल धाडीत सापडलेला नाही, एका आईने स्वतः तो हवाली केलेला आहे. त्या दिवसापासून त्यांनी केंद्रावर दूध घालणे बंद केले आहे. दोन्ही म्हशी त्या पिळतात आणि दूध रेडकांना पाजतात; उरले तर गव्हाणीच्या कडेला ओततात.

७. अर्जदार त्यांच्याकडे तीन वेळा गेली. पहिल्या वेळी त्यांनी दारातूनच विचारले, "तुम्ही शिकलेले लोक. तुमच्या पेल्यातली दारू येगळी असते का, माय? त्याचा बाप निदान आपल्या आपण बिघडला. याले तुम्ही बसून शिकवलं." दुसऱ्या वेळी अर्जदाराने बाटलीची हकीकत सांगितली आणि अश्वजित व गोपाल यांचे सह्या केलेले निवेदन पुढे केले. त्यांनी ते हातात घेतले नाही. म्हणाल्या, "कागदानंच तं सांगतलं का त्यानं पेली होती. आता दुसरा कागद काऊन आणला?" हे अर्जदाराला पटले, आणि त्यातूनच हा अर्ज सुचला. सत्यभामाबाई कागद मानत नाहीत, माप मानतात. वीस वर्षे त्यांनी दूध मापून घातले आहे. पात्र सपाट जागी ठेवून, डोळा रेघेच्या पातळीवर आणून वाचायचे असते, हे त्यांना कोणी शिकवावे लागणार नाही.

८. बाटली काय सांगू शकते आणि काय नाही, ते अर्जदार आधीच स्पष्ट करते. बेचाळीस वाटे, प्रत्येकी पंधरा, म्हणजे सहाशे तीस मिलिलिटर. पेला उपडा केला तरी थोडे काचेला धरून राहते. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, परवानगी घेऊन, अर्जदाराने त्याच प्रकारच्या पेल्यांत त्याच तीव्रतेचे अल्कोहोल-पाण्याचे मिश्रण ओतून पाहिले. दर पेल्यामागे सरासरी शून्य पूर्णांक दोन मिलिलिटर राहते. बूच घट्ट आहे, म्हणून उडून गेलेले धरण्याजोगे नाही. म्हणजे निवृत्तीने एकदाही घेतली नसेल तर बाटलीत सहाशे बावीसच्या आसपास द्रव असला पाहिजे, चार-सहा इकडे-तिकडे. त्याने शेवटच्या दिवशीचे दोन्ही वाटे प्यायले असतील, तर पाचशे ब्याण्णवच्या आसपास. या दोन आकड्यांत गल्लत होणार नाही.

९. शेवटच्या दिवशीचाच उल्लेख करण्याचे कारण असे. आधीच्या वीस बैठकांत निवृत्तीला वाटा ओतताना अर्जदाराने डोळ्यांनी पाहिले आहे. एकविसाव्या बैठकीत पाहिलेले नाही. वडिलांचा फोन आला म्हणून ती विहिरीकडे गेली होती. अश्वजित आणि गोपाल बाहेर मोटारसायकलला बॅग बांधत होते. ती परत आली तेव्हा पेले धुऊन उपडे ठेवलेले होते. नरसाळे ओले होते. पण नरसाळे नुसते धुतल्यावरही ओलेच असते. निवृत्ती त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त हसत होता. अश्वजित जाणार म्हणून तो तसा हसत असेल. अर्जदार गेले दोन महिने त्या हसण्याचा विचार करते आहे आणि त्यातून काहीही निष्पन्न होत नाही. हसणे मोजता येत नाही. म्हणून अर्जदार नमूद करते की पाचशे ब्याण्णव आले तरी तिची हरकत असणार नाही. तोही आकडा सत्यभामाबाईंनी स्वतः वाचावा. आम्ही तो आमच्या वाट्याला घेऊ.

१०. तरी विनंती की बाटली क्र. ७ चे लाखेचे सील आपल्या अधिकाऱ्यांनी स्वहस्ते फोडून द्रव मोजपात्राने मोजावा. अडीचशे मिलिलिटरची स्वच्छ मोजपात्रे तीन, अर्जदार स्वतः आणील. सील फोडणे नियमात बसत नसेल, तर अर्जदाराजवळ त्याच आकाराची रिकामी बाटली आहे. तिच्यावर पाण्याने मोजून खुणा केल्या आहेत. दोन्ही बाटल्या शेजारी ठेवून पातळी पाहिली तरी चालेल. दहा मिलिलिटरपर्यंतचा फरक कळतो. तेही शक्य नसेल, तर वजन करावे. घनतेचा हिशेब अर्जदार करून देईल. बाटली मुद्देमालाच्या खोलीबाहेर काढता येत नसेल, तर खोलीच्या गजांपलीकडून पाहू. आणि यांतले काहीच करता येत नसेल, तर निदान एवढे व्हावे : सर्व मुद्देमाल ओतताना ही बाटली शेवटी घ्यावी, ती सावकाश ओतावी, आणि त्या वेळी सत्यभामाबाई व अर्जदार यांना खड्ड्याच्या काठाशी उभे राहू द्यावे. धार किती वेळ टिकते ते आम्ही मनात मोजू. दूध ओतताना त्या तशाच मोजतात.

११. बाटली परत मिळावी, अशी मागणी नाही. मोजून झाल्यावर ती नियमाप्रमाणे नष्ट करावी. तिच्यातला एक थेंबही अर्जदाराला नको. मात्र बूच काढल्यावर सत्यभामाबाईंनी एकदा वास घ्यायचे म्हटले, तर त्यांना अडवू नये.

१२. तिसऱ्या वेळी अर्जदार गेली तेव्हा त्यांनी तिला ओट्यावर बसू दिले. मग त्या म्हणाल्या, "पोरी, माप कमी भरलं तं?" अर्जदार म्हणाली की कमी भरले तर कमी, काकू. त्या म्हणाल्या, "मंग येतो. पण तुया संगं नाही. सायबाचा शिपाई आला तं त्याच्या संगं येतो." म्हणून शेवटची विनंती की ठरलेल्या दिवशी आपल्या कार्यालयाने त्यांच्याकडे एक शिपाई पाठवावा. कागद पाठवू नये.

मापाची वाट पाहणारी,
आपली नम्र,

(सही)
स्वरदा रमाकांत चिंचोळकर
बुलढाणा, दि. १० फेब्रुवारी २०२५

सोबत :
१) सेवन परवान्यांच्या प्रती, तीन.
२) अश्वजित इंगळे व गोपाल पडघान यांचे निवेदन.
३) पेल्यात राहणाऱ्या द्रवाच्या प्रयोगाची वाचने.
४) खुणा केलेल्या रिकाम्या बाटलीचे छायाचित्र.

---

कार्यालयीन नोंद, दि. १८ फेब्रुवारी २०२५

अर्ज मान्य. शिपाई पाठविला. बाटली क्र. ७ चे सील सुस्थितीत असल्याची खात्री करून ते दुय्यम निरीक्षकांनी फोडले. हजर : अर्जदार, श्रीमती सत्यभामाबाई सोनुने. मोजपात्रे अर्जदाराची, तपासून घेतली. वाचन श्रीमती सोनुने यांनी केले.

पहिले वाचन : ६२० मि.लि.

श्रीमती सोनुने यांच्या सांगण्यावरून द्रव बाटलीत परत ओतून पुन्हा मोजला.

दुसरे वाचन : ६२० मि.लि.

त्यांच्याच सांगण्यावरून पुन्हा मोजला.

तिसरे वाचन : ६१८ मि.लि.