एकबी मुक्काम न्हाई

प्रिय हर्षे,

फोनवर तू रडायला लागतीस, मग मला भांडता येत नाही. व्हॉट्सॅपवर लिहावं तर तुझा मोबाईल सासरी चार हातांत फिरतो. म्हणून पाटसचा एक ड्रायव्हर सुट्टीवर चाललाय, त्याच्याजवळ हा कागद देतोय. अक्षर सातवीत सोडलं तसंच हाय. लागलं तर वाच.

तुझ्या लग्नाची खबर मला कुणी दिली, सांगू? आपल्या चुलत्याच्या स्वराजच्या स्टेटसनं. इथं मस्कतला गोदामात फोर्कलिफ्ट चालवून खोलीवर आलो, मोबाईल उघडला, तर मांडवात स्वराज तुझ्या नवऱ्याचा कान पिळतोय. फेटा बांधून, दात काढून. खोलीतला गोरखपूरचा पोरगा विचारतो, ये कान काहे पकड़ा है? मी सांगितलं, आमच्यात नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो, बहिणीला नीट सांभाळ म्हणून. तो म्हणाला, पर भाई तो तू है.

तुझ्या सासरचे, न्हावऱ्याचे पाहुणे आले साखरपुड्याला. मांडव हाय, आचारी हाय, मग आजच हळद लावून टाकू म्हणाले, आन् आपली माणसं लगेच व्हय म्हणाली. अनसाआत्यानं सांगितलं मला सगळं. ती एकटी म्हणाली व्हती, एक दिवस थांबा, मल्हारी येईल. तर आप्पा म्हणाले, तो का यवतला बसलाय? समुद्रापल्याड हाय, कवा यायचा!

अगं, पावणेतीन तास! मस्कतवरनं उडालेलं विमान पावणेतीन तासांत मुंबईला टेकतं. मधी दीड हजार किलोमीटर असतील, पण आपल्या यवतवरनं एसटीनं मुंबईचा विमानतळ गाठायला ह्याच्या दुप्पट वेळ लागतो. सुट्टी मिळाली असती का नाही, ते माझं मी बघितलं असतं. पण मला विचारायला तर पाहिजे व्हतं ना? आप्पांचं गणित अजून मेंढरांचंच. मी निघालो तवा विचारत व्हते, जायाला मुक्काम किती पडतात? त्यांचे वडील मेंढरं घेऊन कोकणात जायचे, तसं. मी म्हणालो, एकबी न्हाई. त्यांना वाटलं, पोरगं चेष्टा करतंय.

त्यांचं जाऊ दे. तू? आत्या म्हणते, तू हळदीच्या हातानं मला फोन लावलास. लावलास, मिस कॉल हाय. एकच! ड्युटीवर मोबाईल लॉकरात असतो, हे तुला ठाऊक हाय. लहानपणी एका चिंचेसाठी दिवसभर रुसून बसायचीस, कुणाच्या बापाचं ऐकायची नाहीस. त्या दिवशी पाटावर तेवढं रुसायला काय झालं व्हतं? तो मिस कॉल मी अजून पुसला नाही. पण राग गेला, असं समजू नको.

आता हे का लिहितोय ते ऐक. पहिल्या पंचमीला तुला माहेरी आणायला मुऱ्हाळी म्हणून स्वराज गाडी घेऊन येणार, असं घरात ठरलंय. पुन्हा मला न विचारता. तू त्याच्या गाडीत पाय ठेवायचा नाही. चहा पाज आन् माघारी लाव. मी तिकीट काढलंय. मुंबईत उतरून थेट न्हावऱ्याला येतो, घरी नंतर, तुला घेऊनच. दाजींची रांजणगावची शिफ्ट काय असंल ती असू दे, त्या दिवशी त्यांना घरी थांबव. स्वराजनं पिळला तो फोटोपुरता. माझा हात फोर्कलिफ्टवरचा हाय, म्हणावं. आन् आप्पांना फोन करून सांग, पोरगं येतंय, मधी एकबी मुक्काम न्हाई.

तुझाच,
कान पिळायचा राहिलेला
मल्हारी