भावजींचं गोदाम

३ फेब्रुवारी
कंपनीसाठी करत असलेल्या अभ्यासाचं मॉडेल पुन्हा चालवलं. उत्तर तेच! कंपनीची पाच गोदामं नकोत, तीन पुरेत. बाकीचं नवी संगणक प्रणाली सांभाळेल. आणि बंद होणाऱ्यांत पहिलं भावजींचं. वाहतूक बदलून पाहिली, भाडं बदललं, मागणी फुगवली. काही केल्या ते नकाशावर टिकत नाही.
ताईला सांगायचीही सोय नाही. अहवाल जाहीर होईपर्यंत अवाक्षर काढणार नाही, अशा करारावर सही करून बसले आहे.

५ फेब्रुवारी
डीनसरांकडे गेले. माझ्या बहिणीचे यजमान त्यातल्या एका गोदामाचे प्रमुख आहेत, मला या कामातून मोकळं करा, म्हटलं. सर खुर्चीत मागे रेलले. हे आधी का नाही सांगितलंत, म्हणाले. सुरुवातीला कुठे माहीत होतं, गोदाम कोणतं निघेल ते? सर म्हणाले, आता कंपनीला कळलं तर तिच्या पैशातून विभागाला मिळणारं डिजिटल परिवर्तन केंद्र गेलंच, आणि त्याबरोबर तुमची बढतीही. मग समजुतीच्या सुरात —
"तुम्ही नाही लिहिलंत तर दुसरं कोणी लिहील. गोदाम काही वाचणार नाही."
खरं आहे. म्हणूनच जास्त लागलं.

६ फेब्रुवारी
पुरवठा साखळीच्या तासाला मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, मॅडम, बंद झालेल्या गोदामातल्या माणसांचं पुढे काय होतं? अभ्यासक्रमात नाही, म्हटलं. वर्ग हसला. मीही हसले. शी!

८ फेब्रुवारी, रविवार
ताईकडे जेवायला. नको नको म्हणत गेले — न जावं तर संशय. भावजी नेहमीसारखे. "या, प्राध्यापकबाई!" म्हणून पाट्यासारखी जड खुर्ची स्वतः ओढून दिली. ताई वाढता वाढता म्हणाली, "ह्यांच्या गोदामाचं काहीतरी चाललंय म्हणतात. तुझ्या कानावर आलंय का गं?"
मी म्हटलं, माझ्याकडे नुसते आकडे येतात, आतलं काही कळत नाही.
किती सहज आलं तोंडात!
भावजी बसथांब्यापर्यंत सोडायला आले. वाटेत म्हणाले, कामाचा ताण दिसतोय, मनात काही असेल तर बोलत जा. काही नाही हो, म्हटलं. बस येईना.

९ फेब्रुवारी
दिवसभर सादरीकरणाचे नकाशे करत बसले.

१२ फेब्रुवारी
सादरीकरण झालं. कंपनीची माणसं खूश. पडद्यावरच्या नकाशात दोन गोदामं एकेक करून विझली, टाळ्या पडल्या. डीनसरांनी तिथेच मला केंद्रप्रमुख म्हणून जाहीर केलं. नवी खोली दाखवली — गालिचा आहे, मोठं टेबल आहे. खिडकीची काच कायमची बसवलेली, उघडत नाही. इतकी वर्षं याच खोलीसाठी राबले. आता आत बसवत नाही आणि बाहेर पडायला तोंड नाही.

१४ फेब्रुवारी
करार गेला खड्ड्यात! सकाळीच ताईकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. ती भाजी निवडत होती. हात थांबले नाहीत.
"गोदाम बंद करायचं कंपनीचं जानेवारीतच ठरलं होतं," म्हणाली. "गप्प राहायचं म्हणून ह्यांचीही सही घेतली. त्याच संध्याकाळी घरी येऊन ह्यांनी मला सांगितलं."
मग देठं गोळा करत —
"रविवारी विचारलं, तेव्हा वाटलं होतं तू सांगशील."