स्टॉपवॉच खणात

बाबा,

नातीसाठी पाठवलेलं स्टॉपवॉच मिळालं. सेल काढून ते शिलाई मशीनच्या खणात टाकलंय. हे पत्रही तिथेच जाईल.

पाढे म्हणायला लावून तुम्ही असंच बटण दाबलंत की माझं डोकं बंद पडायचं. आज मी कापड अचूक बेतते, पण कुणी "सात आठे?" विचारलं तर अजून विषय बदलते.

तुमची नात मी शिवलेल्या शर्टांवर बटणं मांडते, प्रत्येकावर सात. काल आठवा शर्ट झाल्यावर म्हणाली, "छप्पन्न! न मोजता सांगितलं. तुला येतो हा पाढा?"

"नाही," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा, न घाबरता.

आता ती मला शिकवते. वेळ लागतो, बाबा. लागू दे.

तुम्हीच नाव ठेवलेली,
ढ