प्रगती नाही

बाई, काल टपालाने एक छापील पत्र आले. माझी पत्नी ज्या औषधचाचणीत होती, ती चालवणाऱ्यांनी आभार मानले आहेत. दिवंगत सहभागी व्यक्तीमुळे संशोधनाच्या प्रगतीला हातभार लागला, असे त्यात लिहिले आहे. 'प्रगती' हा शब्द वाचून मला किळस आली. मी ते पत्र दोन बोटांच्या चिमटीत धरून टेबलाच्या कडेला ठेवले आणि हात धुतले. हा शब्द तुम्ही शिकवलेला, म्हणून तुम्हाला जाऊन इतकी वर्षे झाली तरी हे तुम्हालाच लिहितो आहे.

हर्सूलच्या शाळेत, पत्र्याच्या वर्गात, तुम्ही फळ्यावर दोन शब्द लिहिले होते: प्रगती आणि प्रगतिपुस्तक. एकट्या शब्दात 'ती' दीर्घ, समासात 'ति' ऱ्हस्व. चुकणाऱ्याच्या बोटांवर पट्टी बसे. मी एकदाही चुकलो नाही. तरीही सातवीच्या सहामाहीला तुम्ही माझ्या प्रगतिपुस्तकात शेरा लिहिलात, 'प्रगती नाही'. वडील रजा टाकून शाळेत आले. "मार्क तर लई चांगले हायत की, बाई." "मार्क हायत. प्रगती नाय," तुम्ही मान वर न करता म्हणालात. "तुमचं पोरगं वेलांटी बघतं. शब्द काय म्हणतोय ते बघत नाय." परतताना वडील म्हणाले, "बाईचं डोकं फिरलंय." मलाही तेच वाटले. पुढे मी पदवीधर झालो आणि वेलांट्या पाहण्याचाच व्यवसाय केला. निवृत्त होईपर्यंत एका छापखान्यात मुद्रिते तपासली.

पत्नीच्या लघवीतून रक्त जाऊ लागले, ते तिने कित्येक महिने लपवले. निदान झाले तेव्हा मूत्राशयाचा कर्करोग यकृतापर्यंत पोहोचला होता. रुग्णालयात सांगण्यात आले की, दोन औषधे एकत्र दिल्यास रोग एकट्या औषधापेक्षा अधिक काळ आवरतो का, हे तपासणे चालू आहे आणि तिला त्यात घेता येईल. त्या औषधांवर माझा राग नाही, हे स्पष्ट करतो. त्यांच्यामुळे आठ महिने ती पडेगावच्या आमच्या घराचा जिना स्वतःच्या पायांनी चढली. कोणावर तरी तपासल्याशिवाय औषध सिद्ध होत नाही, हे मला समजते.

संमतिपत्र मराठीत होते, बावीस पानांचे. मी खिशातून लाल पेन काढले. शीर्षकातच 'संमतीपत्र' असे दीर्घ छापलेले होते, ते ऱ्हस्व केले. 'मुत्राशय' आणि 'रूग्ण' जेथे जेथे आले तेथे सुधारले. चाचणीची कागदपत्रे सांभाळणारी तरुणी हसून म्हणाली, "काका, पेपर तपासायचा नाहीये, फक्त सही पाहिजे." पत्नी म्हणाली, "थांबा ताई, यांचं झाल्याबिगर सही व्हायची नाही. आमच्या लग्नपत्रिकेतसुद्धा चुका काढल्या होत्या यांनी." चौदाव्या पानावर एक वाक्य होते: 'आजारात प्रगती आढळल्यास औषध बंद करण्यात येईल.' कोणीतरी इंग्रजी शब्दाच्या जागी मराठी शब्द ठेवून रोग वाढण्यालाच प्रगती म्हटले होते. मी ते वाक्य वाचले. 'ती' दीर्घ आहे, हे पाहिले आणि पान उलटले. शेवटी साक्षीदार म्हणून सही केली.

नवव्या महिन्यात स्कॅन झाला. तीच तरुणी, छापील शब्दाला धरून, म्हणाली, "काकू, आजारात प्रगती दिसतेय. आता हे औषध बंद करायचं. पुढचं डॉक्टर पुढच्या आठवड्यात सांगतील." अहवाल माझ्या हातात होता आणि यकृतावरील गाठी वाढल्याचे त्यात स्वच्छ लिहिले होते. परतताना क्रांती चौकात रिक्षा अडकली आहे आणि पत्नी माझ्या शेजारी पदराने तोंड पुसते आहे. "सुटले म्हणा की," ती म्हणते. "मला वाटलं, आता जन्मभर सुयाच." मी सिग्नलकडे पाहतो. घरी आल्यावर ती कित्येक दिवसांनी ओट्याशी उभी राहते, धपाटे थापते, शेजारच्या वहिनींना हाक मारून डबा देते. "औषध बंद झालं बघा माझं. प्रगती झाली म्हणाले." धपाट्याचा घास मी चावत राहतो. त्या तरुणीच्या फुकट हसण्याची, त्या बावीस गुळगुळीत पानांची आणि सर्वांत अधिक माझ्या खिशातल्या लाल पेनाची मला शिसारी येते. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडे मी एकटाच गेलो. परत येऊन तिला एवढेच सांगितले, 'काकूंना विश्रांती घेऊ द्या' असे ते म्हणाले.

तीन आठवड्यांनी तिचे डोळे पिवळे झाले. एका दुपारी अंथरुणावरून तिने विचारले, "अहो, प्रगती म्हणजे चांगलंच असतं ना? तुम्ही भाषेतले माणूस."

"शब्दकोशात तोच अर्थ आहे," मी म्हणालो.

"शब्दकोशात," ती म्हणाली आणि कुशीवर वळली. महिनाभराने ती गेली. मधल्या काळात तिने मला कोणत्याही शब्दाचा अर्थ विचारला नाही.

बाई, हे पत्र कोठेच जाणार नाही, म्हणून एक गोष्ट लिहून ठेवतो. ते प्रगतिपुस्तक अजून माझ्याकडे आहे. लग्नाच्या पहिल्या वर्षी मी ते तिला अभिमानाने दाखवले होते. तुमच्या शेऱ्यावर बोट फिरवून तिने विचारले होते, "इथं कागद इतका पातळ का हो झालाय?" जुना आहे, असे मी म्हणालो. त्यातला 'नाही' मी सातवीतच, वडिलांच्या दाढीच्या ब्लेडने, खरवडून काढला होता.